एका कॉफीवर किती वेळ बसायचं?

गेल्या अंकात ‘कि’ नव्हे ‘की’ हे समजावताना मी ओघात लिहून गेले, की चौतीस वर्षं प्रुफं तपासली त्यातली निम्मी तरी हॉटेलच्या टेबलावर. झालं! ‘की’बद्दल एकानेही विचारलं नाही, पत्रं आली ती त्या टेबलाबद्दल. तेव्हा या महिन्यात ऱ्हस्व-दीर्घाला सुट्टी. पत्रं लांबलचक होती, त्यांना कात्री लावली आहे. सवय जात नाही.

प्रश्न : मी आयटीत आहे, आठवड्यातले तीन दिवस घरून काम असतं. घर दोन खोल्यांचं. त्यात आई-बाबा, आजी आणि आजीचा टीव्ही. म्हणून लॅपटॉप घेऊन जवळच्या कॅफेत जातो, एक कॅपुचिनो घेतो आणि तीन-साडेतीन तास काम करतो. कॅपुचिनो २४० रुपयांची आहे, म्हणजे फुकट बसत नाही. पण परवा वेटरने माझं टेबल तीनदा पुसलं. माझं काही चुकतंय का?
(एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : तुझ्या वयाचा माझा भाचा आहे, म्हणून ‘तू’ म्हणते. रागावू नकोस.

तीनदा पुसलं ना? मग उत्तर त्यानेच दिलंय, मी फक्त अर्थ सांगते. टेबल पुसणं ही हॉटेलातली फार जुनी आणि सभ्य बोली आहे. पहिल्यांदा फडकं फिरतं ते खरंच टेबलासाठी. दुसऱ्यांदा फिरतं तेव्हा त्याचा अर्थ ‘आणखी काही आणू?’ आणि तिसऱ्यांदा ते लॅपटॉपच्या कडेकडेने फिरलं असेल, तर दारात दोन माणसं ताटकळत उभी होती. मान वर केली असतीस तर दिसली असती.

१९७९ साली मी छापखान्यात लागले तेव्हा शिशाच्या अक्षरांचे खिळे हाताने जुळवून छपाई व्हायची. पहिलं प्रूफ निघायचं ते गॅलीचं. हातभर लांब, वितीहून अरुंद अशी कागदाची पट्टी, तिच्यावरची शाई अजून बोटाला लागणारी. ऑगस्ट-सप्टेंबरात दिवाळी अंकांचं काम आलं की अशा पट्ट्यांनी पिशवी भरायची. छापखान्यात बसायला एक स्टूल, तेही खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरचं. घरी टेबल एकच, त्यावर आईचं शिवणाचं मशीन. राहिला कोपऱ्यावरचा इराणी. त्याचं नाव सांगत नाही, कारण पुढे थोडी तक्रार येणार आहे. एक चहा, तो संपला की बनमस्का, मग पुन्हा एक चहा, अशी मी दुपार ओढायचे. पट्टीच्या एका टोकावर मिठाची बाटली, दुसऱ्यावर पाण्याचा ग्लास. मालक गल्ल्यावरून कधी एक शब्द बोलला नाही. पण पंख्यांची बटणं त्याच्या पाठीमागे होती. त्याच्या हिशेबाने माझी वेळ भरली की तो माझ्या डोक्यावरचा पंखा एकवरून पाचवर न्यायचा. गॅल्या उडायच्या. मी समजायचे आणि पिशवी भरायचे.

तेव्हा खुर्चीचं भाडं ही आजची गोष्ट नाही. सतराव्या शतकात लंडनच्या कॉफी हाउसात लोक पेनी मोजायचे ती कॉफीइतकीच बसण्याची, छापील बातमीपत्रं वाचण्याची आणि शेजारच्याचं ऐकण्याची असायची. एडवर्ड लॉइड नावाच्या माणसाच्या कॉफी हाउसात जहाजवाले बसायचे. त्यांच्या बोलण्या-बसण्यातून समुद्री विम्याचा बाजार उभा राहिला आणि त्याला त्या कॉफीवाल्याचं नाव आजही आहे. म्हणजे कॅफेत ऑफिस थाटणारा तू पहिला नव्हेस. आपल्याकडे कॅफे कॉफी डेचं पहिलं दुकान १९९६ च्या जुलैत बंगळुरूच्या ब्रिगेड रोडवर निघालं, तेसुद्धा कॉफीबरोबर इंटरनेट विकायला. स्क्रीनसमोर बसणाऱ्या गिऱ्हाइकाला आज सगळे नावं ठेवतात, पण तो मागच्या दाराने घुसलेला नाही. त्याच्यासाठीच दार उघडलं होतं.

फक्त हिशेब नीट ठेव. दीड तासाला काहीतरी मागवत जा, कॉफी नको असेल तर सँडविच घे. दुपारी साडेबारा ते अडीच चौघांचं टेबल एकट्याने अडवू नकोस. मीटिंगचा कॉल फुटपाथवर जाऊन घे, तुमच्या क्लायंटचं दुःख शेजारच्या टेबलाला ऐकायचं नसतं. आणि वेटरला नाव विचार. मला इराण्याकडच्या पोऱ्याचं नाव ठाऊक होतं. म्हणून पंखा पाचवर जायच्या आधी तो नुसता माझ्याकडे बघायचा आणि मला ग्लास पट्टीवर सरकवायला तेवढा वेळ मिळायचा.

प्रश्न : सत्तरच्या दशकात आम्ही कॉफी हाउसात तासन्‌तास वाद घालत असू. आम्ही तिथे कविता वाचल्या, मोर्चे ठरवले, आम्ही एकमेकांचं तोंड बघायचं नाही म्हणून उठलो आणि दुसऱ्या दिवशी त्याच टेबलावर भेटलो. परवा नातवाने एका झकपक कॅफेत नेलं. पोरं समोरासमोर बसून फोनमध्ये बघत होती, उरलेल्यांच्या कानात बोंडं. कॉफी हाउस मेलं, असं तुम्हाला वाटत नाही?
(निवृत्त प्राध्यापक, नागपूर)

उत्तर : सर, मेलं म्हणायच्या आधी ते जन्मलं कसं ते बघू या. चर्चेसाठी ते जन्मलंच नव्हतं. देशात पिकलेली कॉफी देशातल्या लोकांनी प्यावी म्हणून कॉफी सेस कमिटीने १९३६ साली मुंबईत चर्चगेटला पहिलं इंडिया कॉफी हाउस काढलं. सरळ विक्रीचा मामला. पुढे कारभार कॉफी बोर्डाकडे गेला आणि पन्नाशीच्या दशकात बोर्डाने ही हॉटेलं बंद करायला घेतली. कामगार रस्त्यावर आले. कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने त्याच कामगारांनी सहकारी संस्था काढल्या. पहिली १९ ऑगस्ट १९५७ ला बंगळुरूत. त्याच ऑक्टोबरात दिल्लीत संस्थेचं पहिलं हॉटेल उघडलं. पाटीवर ‘इंडिया’चं ‘इंडियन’ झालं. लोकांना वाटतं एका ‘न’ने काय फरक पडतो. इथे एका अक्षरात मालक बदलला.

म्हणजे सर, डोक्यावर तुरेदार फेटा बांधून तुम्हाला कॉफी आणून देणारा माणूस त्या संस्थेचा सभासद होता. तुम्ही एका कपावर दोन तास कार्ल मार्क्सवर वाद घातलात, कारण टेबल लवकर रिकामं करायला गल्ल्यावर कोणी शेठ नव्हता. (माझ्या इराण्याला मी दोष देत नाही. त्याला गाळ्याचं भाडं होतं.)

गप्पांना सत्ता घाबरते, असं तुम्ही मूळ पत्रात लिहिलंय, ते बरोबर आहे. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने १६७५ च्या डिसेंबरात कॉफी हाउसं बंद करायचा हुकूम काढला आणि ओरड एवढी झाली, की दहा-अकरा दिवसांत तो गिळावा लागला. आपल्याकडे आणीबाणीत, १९७६ साली, दिल्लीच्या कनॉट प्लेसमधलं कॉफी हाउस हटवलं गेलं. तिथे हुकूम गिळला गेला नाही.

पण तुमच्या मूळ पत्रात ‘आम्ही’ हा शब्द अकरा वेळा आलाय. मी मोजला, ती माझी खोड. त्या अकरांपैकी एकाही ‘आम्ही’त बाई आहे का?

डोंबिवलीच्या मुलाला सांगताना मी एक गोष्ट गाळली. ते पंख्याचं टेबल हॉलमध्ये नव्हतं. पहिल्या दिवशी मी पिशवी घेऊन आत शिरले आणि खिडकीजवळच्या टेबलाकडे निघाले, तेव्हा पोऱ्या आडवा आला. “बाई, फॅमिलीमें बैठो.” फॅमिली कुठली? मी एकटी! पण बाई म्हणजे फॅमिली, हे हॉटेलाचं व्याकरण. फॅमिली रूम म्हणजे आतल्या अंगाला प्लायवुडची आडभिंत, डोक्याहून थोडी उंच, खाली वीतभर मोकळी. समोर पडदा, त्याला हात पुसून पुसून आलेला तेलकट पिवळेपणा. एक बल्ब. पडद्याआड एखादं जोडपं कुजबुजत असायचं आणि त्यांना माझा, मला त्यांचा संकोच. तिथे मी वर्षानुवर्षं दिवाळी अंक तपासले.

पंखा पाचवर गेला की पट्ट्या त्या वीतभर फटीतून बाहेर हॉलमध्ये जायच्या. उठून पुरुषांच्या पायांतून कागद गोळा करायची माझी हिंमत नव्हती. मी बसून राहायचे. मग बाहेर कोणीतरी खुर्ची मागे सरकवल्याचा आवाज यायचा आणि आडभिंतीवरून एक हात, हातात माझी गॅली. चेहरा दिसायचा नाही. एकदा असाच हात आला आणि आवाजही आला, “बाई, आठव्या ओळीत ‘निर्मीती’ पडलंय. पहिली वेलांटी हवी ना?” मी बघितलं. माझ्या नजरेतून सुटलं होतं. मी भिंतीअलीकडून ‘हो, आभारी आहे’ म्हणाले आणि लाल पेनाने खूण केली. तो कोण होता, शिक्षक, कारकून की तुमच्यासारखा मोर्चेवाला, मला आजतागायत ठाऊक नाही.

आता यातलं काय गेलं म्हणून रडायचं आणि काय गेलं म्हणून पेढे वाटायचे? मला दोन्ही करावंसं वाटतं.

२००३ च्या सुमारास मी पुण्याच्या जंगली महाराज रस्त्यावरच्या एका काचेच्या कॅफेत पहिल्यांदा एकटी शिरले. चेन कॅफे होता, आत एसी, गुबगुबीत सोफे. वय पंचेचाळीस. खिडकीजवळ जाऊन बसले. कोणी आडवं आलं नाही. कोणी ‘सोबत कोण आहे?’ विचारलं नाही. शेजारी एक मुलगी एकटीच पुस्तक वाचत होती, बूट काढून, पाय सोफ्यावर घेऊन. मी तिच्याकडे किती वेळ बघत बसले! कॉफी मला आवडली नाही, वरचा फेस बाजूला करून तळाशी शोधावी लागली. किंमत बघून तर माझ्या आईने घर डोक्यावर घेतलं असतं. पण एवढे पैसे मी त्या कॉफीचे दिलेच नव्हते. मी पडदा नसल्याचे पैसे दिले.

आणि खरं सांगायचं तर तिथे माझ्याशी कोणी बोललंही नाही. पुढे दहा वर्षं मी तिथे प्रुफं वाचली, एकदाही कोणी माझी वेलांटी दुरुस्त केली नाही. जुन्या हॉटेलात संगमरवरी टेबल चौघांचं असायचं आणि तुम्ही दोघं असाल तर उरलेल्या दोन खुर्च्यांवर अनोळखी माणसं येऊन बसायची. “कोई आनेवाला है?” एवढं विचारलं की झालं. त्या प्रश्नाने अर्धं शहर एकमेकांना ओळखायचं. नव्या कॅफेत हा प्रश्न कोणी विचारत नाही. विचारला तर समोरची मुलगी फोन कानाला लावते, आणि एकट्या मुलीने तसं करण्यात मला चूकही दिसत नाही.

कानात बोंडं घातलेल्या पोरांवर मात्र एवढं चिडू नका. कॉफी हाउसात बसणारा प्रत्येक जण वाद घालायलाच यायचा असं थोडंच आहे? मुंबईत काळा घोड्याला वेसाइड इन होतं. तिथे अरुण कोलटकर वर्षानुवर्षं खिडकीजवळच्या टेबलावर बसून बाहेरचा रस्ता बघायचे. त्या बघण्यातून मराठी-इंग्रजी कवितेला काय मिळालं, ते तुम्ही मला शिकवायचं. तुमच्या नातवाच्या शेजारचं पोरगं फोनमध्ये काय लिहीत होतं, ते आपल्याला कुठे दिसलं? (बहुतेक काही नाही. पण कुणी सांगावं.)

प्रश्न : इराण्याची हॉटेलं कोपऱ्यावरच का असतात?
(पोस्टकार्ड, ठाणे)

उत्तर : असं सांगतात, की कोपऱ्याचा गाळा अशुभ म्हणून इतर दुकानदार घ्यायचे नाहीत, तो इराण्यांना स्वस्तात मिळायचा. असेल. मला विचाराल तर दोन रस्त्यांचं गिऱ्हाईक, दोन दारं आणि दिवसभर उजेड एवढं कारण पुरे आहे. पुण्यात १९३५ चं गुडलक बघा, अख्ख्या चौकाला त्याचं नाव पडलं. पोस्टकार्ड अजून मिळतं, हे कळून बरं वाटलं.

प्रश्न : ताई, मुलीसाठी स्थळ आलंय. मुलाकडचे म्हणतात दोघं आधी कॅफेत भेटू देत, मग घरी येऊ. आमच्याकडे पद्धत नाही. घरी कांदेपोहे केले असते, जायफळ घालून कॉफी केली असती. चारचौघांत त्या दोघांनी असं भेटणं बरं दिसतं का?
(एक आई, कोल्हापूर)

उत्तर : ताई, तुमची जायफळाची कॉफी कुठे जात नाही, ती दुसऱ्या भेटीला करा. दूध आटवून, वेलची घालून. तिच्यापुढे कॅफेतला फेस काहीच नाही.

पण पहिली भेट कॅफेत होऊ दे. घरी मुलगी ट्रे घेऊन येते आणि सहा माणसं तिच्या हाताकडे बघतात, कप हलतोय का. कॅफेत तिला कोणीतरी आणून देतं. बसायला दोघांना सारखीच खुर्ची, आणि उठून जायची मुभाही दोघांना सारखी. शिवाय मुलगा वेटरशी कसा बोलतो ते तिला दिसेल. ऑर्डर चुकली तर आवाज चढतो का, ‘ए’ म्हणतो की ‘दादा’ म्हणतो. तुमच्या दिवाणखान्यात तो तुमच्याशी गोडच बोलणार, तिथे हे कसं कळायचं?

बिल अर्धं-अर्धं करायला सांगा. आणि तुम्ही शेजारच्या टेबलावर पेपर तोंडापुढे धरून बसायचा विचार करत असाल, तर करू नका. माझ्या मावशीने केला होता. पेपर उलटा धरला होता.

प्रश्न : चिपळूणला आमच्या जुन्या घराच्या पडवीत कॅफे काढतोय. लोकांनी यावं, बसावं, गप्पा माराव्यात, पुस्तकं वाचावीत अशी इच्छा आहे. इंटिरिअरवाला म्हणतो, उंच स्टुलं आणि लोंबते पिवळे बल्ब लाव, फोटो छान येतात. मेनू क्यूआर कोडवर. तुम्ही काय म्हणाल?
(एक वाचक, चिपळूण)

उत्तर : इंटिरिअरवाल्याला तुमच्या आजीला त्या उंच स्टुलावर बसवून दाखवायला सांगा. चढताना एक हात तुमच्या खांद्यावर लागेल, उतरताना दोन. माझे गुडघे हे वाक्य स्वतः लिहीत आहेत. उंच स्टूल ही माणसाने वीस मिनिटांत उठावं म्हणून केलेली वस्तू आहे. पंखा पाचवर नेण्याचाच तो प्रकार, फक्त महागातला.

पाठ टेकेल अशी साधी खुर्ची घ्या. इराण्याकडे असायच्या त्या काळ्या, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या आठवतात? त्या घाटाची खुर्ची व्हिएन्नाच्या थोनेट कारखान्याने १८५९ मध्ये काढली, तिथल्या कॉफी हाउसांत ती पसरली आणि तिचीच भावंडं आपल्याकडच्या इराण्यांनी मांडली. म्हणजे दीडशेहून अधिक वर्षं लोक त्यांच्यावर बसून गप्पा मारताहेत. आणखी कसली परीक्षा घ्यायची?

दोघा-दोघांची टेबलं हवीत तेवढी ठेवा, पण पडवीच्या मधोमध आठ-दहा जणांचं एक लांब टेबल ठेवाच. एकटा आला की त्याला तिथे बसवा. त्यावर दोन वर्तमानपत्रं, पानं सुटी करून. शब्दकोडं कोणीतरी अर्धं सोडवेल, दुसरा उरलेलं पुरं करेल. गप्पांसाठी याहून जास्त काही करावं लागत नाही. आणि हो, आडभिंत, पडदा, काहीही नको.

लोंबते पिवळे बल्ब फोटोला छान असतील. त्या उजेडात मला पहिली आणि दुसरी वेलांटी वेगळी दिसत नाही. पुस्तकं वाचावीत म्हणता ना, मग निदान लांब टेबलावर पांढरा दिवा द्या. गाणी लावा, पण समोरच्याला ‘काय?’ असं दुसऱ्यांदा विचारावं लागलं तर आवाज कमी करा. संडास स्वच्छ हवा आणि त्याची कडी आतून नीट लागली पाहिजे. बायका परत येतील की नाही, हे तुमच्या कॉफीपेक्षा त्या कडीवर ठरेल.

एक अवघड गोष्ट सांगते. आता चहा स्वस्त आणि उभ्याने, कॉफी महाग आणि बसून, अशी वाटणी झाली आहे. अमृततुल्यांच्या नव्या शाखा बघा, रस्त्यावर कप हातात देतात, खुर्ची बहुतेक नसतेच. ज्याच्याकडे २४० रुपये नाहीत त्याला शहरात बसायला बसस्टॉप उरला. तुम्ही चिपळूणला आहात, भाडं द्यायचं नाही, जागा घरची आहे. तेव्हा मेनूवर एक तरी स्वस्त पेय ठेवा. साधी दुधाची कॉफी, हवं तर कोल्हापूरच्या ताईंकडून जायफळाचं प्रमाण मागवून देते. सकाळी अकरापर्यंत साठीवरच्यांना तीच पुरते. ती माणसं तासभर बसतील, नफा काहीच देणार नाहीत, पण त्या वेळी तुमचं दुकान नाहीतरी रिकामंच असणार. रिकाम्या दुकानात दुसरं गिऱ्हाईकही शिरत नाही.

क्यूआर कोड ठेवा, पण शेजारी छापलेला कागदही ठेवा, आणि तो छापायच्या आधी माझ्याकडे पाठवा. पैसे घेणार नाही. तुमच्या मूळ पत्रात कॅपुचिनो तीनदा आलीय. एकदा ‘कॅपुचिनो’, एकदा ‘कॅप्पुचीनो’ आणि एकदा ‘कापुचिनो’. काहीही एक ठरवा, माझा आग्रह नाही. ‘कॉफि’ मात्र चालणार नाही. तिच्यातली ‘फी’ दीर्घच असते.